काँटेसा ३२ की सन ओडिसी ३४९? दोन पिढ्यांतल्या दोन शिडाच्या बोटी

प्रश्न असा आहे. दोघांनी मिळून चालवायची, मधल्या आकाराची शिडाची बोट हवी. बहुतेक फिरणं किनाऱ्यालगत, अधूनमधून दोन-तीन रात्री खुल्या समुद्रात, आणि जमलं तर पुढेमागे एखादा महासागर ओलांडायचा. निवड अडली आहे ती १९७० च्या दशकात बांधलेली काँटेसा ३२ आणि २०१४ नंतरची जानो कंपनीची सन ओडिसी ३४९ यांच्यात. कुणी सांगतं जुनी ती दणकट, कुणी सांगतं जुनी बोट म्हणजे पैशाचा खड्डा.

माझं मत आधीच सांगतो. वर लिहिलेला वापर खरोखर तसाच राहणार असेल तर ३४९ घ्या. महासागर नक्की ठरला असेल, त्यात वाऱ्याच्या तोंडावर (वारा येतो त्या दिशेने) बरेच दिवस काढायचे असतील आणि हातात पाना धरायची आवड असेल, तर काँटेसा. दोन्ही बोटी आपापल्या कामाला चांगल्या आहेत. पण दोघींची राखीव ताकद वेगवेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती वेगवेगळ्या कारणांनी कमी होते. खालचं सगळं त्याबद्दल आहे.

काँटेसा ३२ डेव्हिड सॅडलर यांनी आखली आणि जेरेमी रॉजर्स यांनी इंग्लंडमधल्या लिमिंग्टनला १९७१ पासून बांधायला घेतली. तशा ७०० हून जास्त बोटी पाण्यात उतरल्या. लांबी ९.७५ मीटर, पाणरेषेवरची (पाण्याला टेकते तिथली) लांबी ७.३२ मीटर, रुंदी २.९०, पाण्याखालची खोली १.६८ आणि वजन साधारण ४,३०० किलो. यातलं दोन टनांहून थोडं जास्त शिसं कीलमध्ये (बोटीखालच्या जड पात्यात) आहे, म्हणजे एकूण वजनाच्या ४७ टक्के. सन ओडिसी ३४९ मार्क लोम्बार यांच्या आराखड्यावरची. हलची, म्हणजे बोटीच्या कवचाची, लांबी ९.९७ मीटर, पाणरेषा ९.४०, रुंदी ३.४४, नेहमीच्या कीलसह खोली १.९८ (आखूड कील घेतली तर १.४९) आणि रिकामं वजन सुमारे ५,३५० किलो. म्हणजे हलच्या लांबीत फरक जेमतेम २२ सेंटिमीटरचा, पण पाणरेषेत दोन मीटरहून जास्त. काँटेसाची दोन्ही टोकं पाण्याबाहेर लांब निघालेली असतात. ३४९ चं पुढचं टोक जवळजवळ उभं आहे आणि मागची रुंदी अगदी शेवटपर्यंत तशीच राहते.

या दोन मीटरचा पहिला परिणाम वेगावर होतो. पाण्याला ढकलत चालणाऱ्या हलची वेगमर्यादा पाणरेषेच्या वर्गमुळावर ठरते. त्या हिशेबाने काँटेसा ६.५ नॉटच्या (तासाला सागरी मैल) आसपास अडते, ३४९ ७.४ च्या. रोजच्या व्यवहारात हे आकडे ५ आणि ६ धरा. शंभर सागरी मैलांसाठी एकीला २० तास लागतील, दुसरीला १६ तास ४० मिनिटं. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात अंधार पडायच्या आत बंदरात शिरता येणं किंवा एक रात्रपाळी कमी होणं यावर तो उतरतो, आणि दोनच माणसांच्या बोटीवर थकवा हीच सगळ्यात मोठी जोखीम असते. काँटेसा कलली की तिची लांब टोकं पाण्यात उतरतात आणि पाणरेषा थोडी वाढते, हे खरं. त्यामुळे ती आकड्यांपेक्षा बरी चालते, पण दरी भरून निघत नाही. हलक्या वाऱ्यात मात्र अंदाज चुकतो. रुंद मागच्या भागाची ३४९ सपाट बसली तर भिजलेला पृष्ठभाग वाढतो. ६-७ नॉट वाऱ्यात दोघंही वाऱ्याखालच्या बाजूला, पुढे सरकून बसले तर बोट सुटते. नाहीतर काँटेसा निमूटपणे शेजारून निघून जाते.

आता स्थिरता. सगळा वाद इथेच पेटतो, म्हणून जरा थांबून पाहू.

बोट दोन मार्गांनी कलण्याला विरोध करते. एक रुंदीने, दुसरा खाली असलेल्या वजनाने. रुंद बोट पहिल्या १५-२० अंशांत जोरदार विरोध करते. अरुंद, जड कीलची बोट आधी सहज कलते आणि मग २५ अंशांच्या पुढे ताठ होत जाते. म्हणून पहिल्यांदा बसणाऱ्याला काँटेसा लेचीपेची वाटते आणि ३४९ भक्कम. मोठ्या कोनांवर मात्र हे उलटतं. काँटेसाची धन स्थिरता साधारण १५५ अंशांपर्यंत टिकते, म्हणजे जवळजवळ पूर्ण पालथी झाली तरी ती स्वतःहून परत येऊ पाहते. रुंद बोट पालथी पडली तर त्याही स्थितीत ती स्थिर असते, आणि सरळ व्हायला तिला आणखी एखादी लाट लागते.

३४९ ला युरोपीय नियमांप्रमाणे ‘ए’ वर्ग, म्हणजे खुल्या समुद्रासाठीचा सगळ्यात वरचा वर्ग आहे. आयएसओ १२२१७ या मानकात त्या वर्गासाठी स्थिरता टिकायचा किमान कोन असा काढतात: १३० मधून किलोतल्या वजनाच्या ०.००२ पट वजा करायचं. ५,३५० किलोला हा आकडा ११९ अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे नियम पाळणारी बोट त्याच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणजे ११९ आणि १५५ यांत जास्तीत जास्त ३६ अंशांचं अंतर असू शकतं, आणि ते किरकोळ नाही.

पण त्याचा उपयोग कधी होतो? वादळात सापडलेल्या १९७९ च्या फास्टनेट सागरी शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि ८५ पोहोचल्या. सगळ्यात लहान गटातून एकच बोट पूर्ण करून आली, ती ‘असेंट’ नावाची काँटेसा ३२. त्यानंतर झालेल्या टाकी-चाचण्यांतून एक ढोबळ नियम निघाला: बोटीच्या लांबीच्या ३० टक्के उंचीची फुटती लाट आडवी बसली तर बोट उलटू शकते, आणि ६० टक्के उंचीची लाट जवळजवळ कुठल्याही आकाराच्या बोटीला पालथी घालते. दहा मीटरच्या बोटीला हे तीन आणि सहा मीटर झाले. तीन मीटरची फुटती लाट पाहायला महासागर लागत नाही. उथळ वाळूच्या पट्ट्यावर, भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असताना ती किनाऱ्याजवळही भेटते. त्यामुळे ‘आम्ही किनाऱ्यालगतच फिरतो’ म्हणून स्थिरतेचा विचार सोडून देऊ नका. विचार असा करा की ३४९ घेतली तर अशा जागा आणि अशा वेळा टाळणं हा तुमच्या नियोजनाचा भाग असला पाहिजे. काँटेसात तीच चूक एखाद वेळेला माफ होते.

नेहमीच्या गुणोत्तरांवर मात्र विसंबू नका. रुंदी आणि वजन यांच्यावरून काढतात तो ‘कॅप्साइझ’ (उलटण्याचा) आकडा काँटेसाचा १.७९ आणि ३४९ चा १.९८ येतो. दोन्ही २ च्या खाली, म्हणजे दोघी पास. पण या सूत्राला वजन कुठे आहे हेच माहीत नसतं. शिसं काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर तेच येईल. तसंच डोलकाठीवर रडार, जड वायरी, गुंडाळून डोलकाठीत जाणारं मुख्य शीड असं वजन चढवत गेलात तर कुठल्याही कागदी कोनातून काही अंश कमी होतात. डोलकाठीत शीड गुंडाळण्याचं (फर्लिंगचं) दुखणं म्हणजे शीड कमी केलं तरी त्याचं वजन वरच राहतं. ३४९ मध्ये पर्याय असेल तर बूमवर (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर) उतरणारं पूर्ण बॅटनचं (आडव्या पट्ट्यांनी ताठ केलेलं) शीड घ्या. स्थिरता आणि शिडाचा आकार दोन्ही सुधारतात.

लाटांमधली वागणूक वजन आणि पाणरेषेवरच्या क्षेत्रफळावरून समजते. बोटींचे आराखडेकार टेड ब्रुअर यांचं आराम-गुणोत्तर (जास्त म्हणजे हालचाल सौम्य) काढलं तर काँटेसाला २७.५ आणि ३४९ ला जवळपास २३ मिळतात. लांबीच्या मानाने वजनाचा आकडा अनुक्रमे ३०७ आणि १८०. काँटेसा लाटेतून कापत जाते, उसळत नाही, पण पाण्यावरचा काठ बुटका असल्याने डेक सतत ओला. चार तास वाऱ्याच्या तोंडावर गेलात तर चांगले ऑइलस्किन (पाणरोधक कपडे) असूनही मानेवरून पाणी आत जातं. ३४९ कोरडी राहते, पण सपाट उभी ठेवली तर पुढचा तळ लाटेवर आपटतो आणि त्याचा आवाज झोपू देत नाही. त्यावर उपाय आहे. तिला १५ ते १८ अंश कललेली ठेवा, म्हणजे सपाट तळाऐवजी बाजूची कड पाण्यात शिरते. शिवाय वाऱ्याशी चारपाच अंश मोकळा कोन घ्या आणि वेग अर्धा नॉट कमी करा. एवढ्याने आपटणं निम्म्यावर येतं. पाठीवरच्या वाऱ्यात पारडं फिरतं. काँटेसा एका तालात दोन्ही बाजूंना डोलत राहते आणि स्वयंपाक करणाऱ्याचे हाल होतात. ३४९ रुळावर असल्यासारखी सरळ पळते.

सामान भरण्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, पण लांब प्रवासाला तेच महत्त्वाचं. पाणरेषेच्या क्षेत्रफळाचा अंदाज घेतला तर काँटेसा एक सेंटिमीटर खाली जायला साधारण १२० किलो लागतात, ३४९ ला १९० च्या आसपास. पाणी, डिझेल, साखळी, दुसरा नांगर, जीवरक्षक तराफा, डिंगी (छोटी होडी), अवजारं, खाणं आणि दोन माणसं मिळून ८०० किलो सहज होतात. काँटेसा साडेसहा सेंटिमीटर बसेल, ३४९ चार-साडेचार. इथवर नवी बोट जिंकते. पण जड हलच्या काँटेसाला त्या ओझ्याने वागणुकीत फारसा फरक पडत नाही. ३४९ चा रुंद मागचा भाग पाण्यात ओढला जातो आणि तिचा वेगातला फायदा कमी होतो. त्यातही कॉकपिटमधल्या खोल लॉकरमध्ये सगळं कोंबायची सवय वाईट. डिंगीचं इंजिन, सुटे नांगर, पाण्याचे कॅन मागे जातात आणि बोट ढुंगणावर बसते. जड वस्तू सलूनच्या बाकांखाली, कीलच्या वर ठेवा. साखळी ८ मिलिमीटरची असेल तर मीटरला साधारण दीड किलो पडते. ६० मीटर म्हणजे ९० किलो, तीही थेट पुढच्या टोकात, म्हणून तो भार हिशेबात धरूनच मागचं सामान लावा.

शिडं हाताळण्यात दोन पिढ्या अगदी वेगळ्या आहेत. काँटेसाची रचना त्या काळची: फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) डोलकाठीच्या टोकापर्यंत, मोठी मागे आलेली जेनोआ (पुढचं शीड), लहान मुख्य शीड. ताकद जेनोआत असते, म्हणून दर वळणाला विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) घाम गाळावा लागतो. वारा वाढला की जेनोआ गुंडाळतात, पण १५० टक्क्यांची (डोलकाठीपुढच्या जागेच्या दीडपट) जेनोआ गुंडाळून ९० वर आणली की तिचं पोट फुगून बसतं. मग बोट कलते जास्त आणि वर चढते कमी. यावर चांगला तोडगा म्हणजे १२० टक्क्यांची, पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवलेली जेनोआ, आणि काढता-घालता येणारा आतला फोरस्टे. त्यावर हुकांची जिब (लहान पुढचं शीड) किंवा वादळी जिब. हा फोरस्टे डेकला नुसता बोल्ट मारून चालत नाही. खालून तो ताण बल्कहेडला (बोटीतल्या आडव्या भिंतीला) किंवा हलला नेणारा टाय-रॉड हवाच, नाहीतर पहिल्याच कडक वाऱ्यात डेक वर उचललं जाईल.

३४९ मध्ये मुख्य शीड मोठं, जिब लहान, स्प्रेडर (डोलकाठीच्या तारा बाजूला ढकलणारे दांडे) मागे झुकलेले. स्वतःहून बाजू बदलणारी जिब असेल तर वळण म्हणजे फक्त चाक फिरवणं. दोन माणसांना ही मोठी सोय आहे, पण १० नॉटच्या खाली त्या जिबने बोट मंदावते. म्हणून कोड शून्य किंवा गेनेकर असं हलक्या वाऱ्याचं मोठं शीड लागतंच, आणि तो खर्च आधी धरा. रीफचा (शीड टप्प्याटप्प्याने लहान करण्याचा) क्रम लक्षात ठेवा: वाऱ्याच्या तोंडावर खरा वारा १५-१६ नॉट झाला की मुख्य शिडाचा पहिला रीफ, २०-२२ ला दुसरा, जिबला हात त्यानंतर. चाकावर जोर लागायला लागेपर्यंत वाट पाहू नका. दोन सुकाणूंमुळे बोट शेवटपर्यंत ताब्यात आहे असं वाटतं आणि नेमकं तेच फसवं आहे. पाठीवरच्या वाऱ्यात मुख्य शीड झुकलेल्या स्प्रेडरवर घासतं. एका लांब प्रवासात बॅटनच्या खिशाजवळ कापड फाटायला तेवढं पुरतं. स्प्रेडर टेकतात तिथे शिडावर पॅच चिकटवा, बूमला प्रिव्हेंटर (ती अचानक पलीकडे जाऊ न देणारा दोर) लावा, थेट पाठीवरून न जाता वाऱ्याशी १५०-१५५ अंशांवर चाला आणि जाइब करत (शीड एका बाजूकडून दुसरीकडे घेत) उतरा.

सुकाणूबद्दल. काँटेसात टिलर (सुकाणूचा हातदांडा) आणि स्केगवर (हलखालच्या आधाराच्या पात्यावर) टेकलेलं एकच सुकाणू. वाऱ्याचा दाब हातात कळतो आणि ओंडका लागला तर स्केग मार खातो. ३४९ ची दोन्ही सुकाणू बाहेरच्या बाजूला, कुणाच्याच आडोशाला नसलेली. कलल्यावर एक पूर्ण पाण्यात राहतं हा मोठा गुण. पण प्रोपेलरचा प्रवाह दोघांच्या मधून निघून जातो, कुठल्याच पात्यावर बसत नाही. एका सुकाणूच्या बोटीत जागेवर असताना इंजिनचा एक झटका देऊन टोक फिरवता येतं, इथे तसं होत नाही. दीड-दोन नॉट वेग आल्याशिवाय ती वळतच नाही. बंदरात वारा आडवा असेल तर स्प्रिंग दोर (धक्क्याला तिरपा बांधलेला) टाकून फिरवा. उलट, मागे चालताना ३४९ सरळ आणि आज्ञाधारक. काँटेसा मागे जाताना आधी प्रोपेलरच्या मर्जीने एका बाजूला सरकते. ती बाजू कोणती हे पहिल्याच दिवशी मोकळ्या पाण्यात पाहून ठेवा आणि धक्क्याला लागताना तिचाच उपयोग करा.

महासागराच्या दृष्टीने आणखी एक फरक. टिलर आणि अरुंद मागचं टोक यामुळे काँटेसावर वाऱ्यावर चालणारं स्वयं-सुकाणू सहज बसतं, आणि ते वीज खात नाही. ३४९ चा मागचा भाग खाली उघडणारा, वर दोन सुकाणूंची जोडणी. तिथे असं यंत्र बसवणं अवघड आहे. तिला डेकखालचा इलेक्ट्रिक ऑटोपायलट लागतो, तो लाटांत सरासरी ३ ते ५ अँपिअर घेतो. दिवसाला ७० ते १२० अँपिअर-तास झाले. फ्रिजचे ४०-५० धरा, बाकी उपकरणांचे २०-३०. म्हणजे भरपूर सोलर आणि बॅटरीची दुप्पट क्षमता. रुंद मागच्या भागावर पॅनेल मावतात, हे तिच्या बाजूने. पण पायलटचा सुटा ड्राइव्ह बरोबर न घेता निघू नका.

आता खरेदीपूर्व तपासणी. काँटेसाचं हल पूर्ण भरीव फायबरग्लासचं आणि शिसं हलच्याच साच्यात बंद केलेलं, म्हणजे कीलचे बोल्टच नाहीत. चिंता एक कमी. पण वयाची दुखणी आहेतच. डेकचा थर मधे बाल्सा लाकूड असलेला असतो. प्लास्टिकच्या हातोडीने हातभर अंतरावर ठोकत जा. निरोगी जागी टणक आवाज येतो, ओल्या जागी बद्द. स्टँशनचे (कठड्याच्या खांबांचे) पाय, चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या), विंच आणि हॅचच्या कडा इथे आधी बघा. ओल ताटाएवढ्या जागेत असेल तर दुरुस्ती घरच्या घरी होते: फिटिंग काढा, भोक मोठं करा, आतलं कुजकं लाकूड दोन-तीन सेंटिमीटर खरवडा, आठवडाभर सुकू द्या, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, आणि त्यातून नव्याने भोक पाडा. अर्धं डेक ओलं असेल तर किंमत निम्म्यावर आणा किंवा निघून या.

चेनप्लेट बाहेर काढल्याशिवाय कळत नाहीत. स्टेनलेस स्टील ऑक्सिजन न मिळणाऱ्या ओल्या फटीत कुजतं, म्हणजे नेमकं डेकमधून जातं तिथे. वरून आणि खालून ते चकचकीत दिसतं. काढा, डाय-पेनेट्रंट लावून चिरा शोधा, शंका आली तर नवीन बनवून घ्या. डोलकाठीच्या उभ्या तारांचं वय दहा वर्षांच्या वर असेल, किंवा वयाचा कागदच नसेल, तर त्या बदलायच्या आहेत असं धरूनच भाव करा. विमा कंपन्याही बहुधा हेच मागतात. सुकाणूच्या पात्याच्या खालच्या टोकाला सहा मिलिमीटरचं भोक पाडून बघा. पाणी थेंबथेंब दोन दिवस येत राहिलं तर आतला फोम भिजला आहे, आणि आतल्या स्टीलच्या पट्ट्या व वेल्डिंग तपासायला पातं उघडावं लागेल. तळावर फोड असतील तर घाबरू नका. ऑस्मोसिसने (फायबरग्लासमध्ये पाणी मुरण्याने) या जाडीचं हल सहसा बुडत नाही. फोड मूठभर असतील तर एकेक उघडून, धुऊन, सुकवून भरा. सगळा तळ सोलायचा तर गोड्या पाण्याने वारंवार धुऊन महिनोन्महिने सुकवणं आणि मग इपॉक्सीचे पाच-सहा हात, एवढा वेळ लागतो. घाईत ओल्या हलवर इपॉक्सी लावलं की दोन वर्षांत फोड परत येतात. चाकी फिरवून बंद होणारे जुने गेट-व्हॉल्व्ह दिसले तर मोल-तोल न करता काढून टाका. आतला दांडा झिजतो, चाकी फिरते आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

३४९ मध्ये तपासणीचं केंद्र कील. ती ओतीव लोखंडाची, बोल्टांनी जोडलेली. आत तळाला चिकटवलेली आधाराची जाळी असते, तीच कीलचा ताण पसरवते. या पिढीच्या बऱ्याच बोटींत ही जाळी आतल्या साच्याचाच भाग असते, म्हणून चिकटवलेला जोड सुटला तरी बाहेरून दिसत नाही. २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही बेनेतो फर्स्ट ४०.७ अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली आणि चौघे गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने त्यानंतर हाच धोका दाखवला: बोट तळाला टेकल्यावर जाळी सुटू शकते आणि ते लक्षात येत नाही. बोट वेगळी, पण बांधणीची पद्धत त्याच कुळातली. म्हणून पहिला प्रश्न विचारा: कधी तळाला लागली होती का? उत्तर काहीही मिळो, बोट पट्ट्यांवर टांगलेली असताना कील आणि हलचा सांधा पुढून मागून बघा, मग कील जमिनीवर टेकवायला लावा आणि पुन्हा बघा. फट हलली तर प्रश्न आहे. फरशीच्या फळ्या काढून कीलच्या मागच्या टोकाजवळ केसाएवढ्या चिरा शोधा. टेकल्यावर कीलचं पुढचं टोक खाली ओढलं जातं आणि मागचं टोक वर घुसतं, म्हणून नुकसान मागे जास्त होतं. नुसता गंजाचा डाग दिसला तर ते बहुधा रंगाचं काम असतं. बोल्टच्या बुंध्याशी ओला तपकिरी ओघळ दिसला तर ते रंगाचं काम नाही.

दुसरी जागा तळातल्या भोकांची फिटिंग. या बोटी बांधायला सुरुवात झाली तेव्हाचं युरोपीय मानक गंजरोधकतेसाठी फक्त पाच वर्षांची सेवा मागत होतं, म्हणून कारखान्यातून निघालेल्या अनेक बोटींत साधं पितळ असतं. त्यातलं जस्त निघून गेलं की धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. चाकूच्या टोकाने खरवडा. पिवळी चमक दिसली तर ठीक, गुलाबी दिसलं तर सगळी बदला. डीझेडआर (जस्त न सोडणारं) पितळ, ब्राँझ किंवा काचतंतूचं प्लास्टिक यांतलं काहीही चालेल. तिसरी जागा सेलड्राइव्ह (इंजिनातून हलखाली जाणारा प्रोपेलरचा पाय). हलमधल्या मोठ्या भोकावर रबराचा पडदा असतो, त्याची बदलण्याची मुदत इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. मुदत उलटलेली असली तर इंजिन पुढे सरकवून तो बदलावा लागतो, मजुरी पडद्याच्या किमतीच्या कितीतरी पट. गिअरचं तेल दुधाळ असेल तर खालचं सील गेलं आहे. झिंकची अँनोड निम्मी झिजली की बदला, कारण त्यानंतर अ‍ॅल्युमिनियमचा पाय खाल्ला जातो.

राहण्याबद्दल थोडक्यात: नांगरावर ३४९ ला तोड नाही. मागे खरी खोली, मोठी उघडी खिडकी, पाण्यात उतरायला पायरी, भरपूर उजेड. काँटेसात दोघांनी एकाच वेळी कपडे बदलायचं म्हटलं तरी रांग लावावी लागते. समुद्रात मात्र अरुंद जागा शरीराला धरून ठेवते, बाकं सरळ आणि कापडाचे पडदे लावून झोपण्याजोगी असतात. ३४९ च्या रुंद सलूनमध्ये माणूस फेकला गेला तर अंतर कापत जातो. म्हणून छताला दोन्ही बाजूंनी अखंड पकड-दांडे बसवा, आणि रात्री मागच्या खोलीत झोपा, तिथे हालचाल पुढच्या टोकापेक्षा कमी असते.

पैशांचा हिशेब असा मांडा. काँटेसाची खरेदी स्वस्त, पण तारा, शिडं, वायरिंग, इंजिन, डेकची दुरुस्ती हे सगळं उरलं असेल तर दुरुस्तीचा आकडा सहज खरेदीला ओलांडतो आणि विकताना परत मिळत नाही. म्हणून आधीच्या मालकाने हे करून ठेवलेली, बिलं दाखवणारी बोट जास्त किमतीलाही स्वस्त पडते. ३४९ ची किंमत पहिल्या काही वर्षांत जोरात उतरलेली असते, सुटे भाग सहज मिळतात, पण चार्टरला (भाड्याने) दिलेली बोट असेल तर इंजिनाचे तास, विंच आणि गादीखालचे तळाचे कोपरे जास्त बारकाईने बघा.

शेवटी दोन्ही बोटी एकदा १८-२० नॉट वाऱ्यात, लाट असताना चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. शांत पाण्यातली चाचणी दोघींनाही खोटं प्रमाणपत्र देते. वाऱ्याच्या तोंडावर तासभर चाला, एकाने आत जाऊन चहा करून बघावा आणि कललेल्या बाजूच्या बाकावर पंधरा मिनिटं पडून राहावं. मग जिब उलटी धरून, मुख्य शिडाला दोन रीफ घेऊन, बोट वाऱ्याकडे वळू पाहील असं सुकाणू बांधून ती थांबवायचा प्रयत्न करा. काँटेसा पाच मिनिटांत शांत बसते. ३४९ हळूहळू पुढे सरकत राहते, तिला योग्य जिब आणि सुकाणूचा कोन शोधायला वेळ लागतो, आणि तो शोधून कागदावर लिहून ठेवावा लागतो. वादळात मागून ड्रोग (वेग कमी करणारी पाण्यातली ओढ) ओढायचा विचार असेल तर ३४९ च्या मागच्या कोपऱ्यांत क्लीटऐवजी (दोर बांधायच्या खुंटीऐवजी) हलच्या बाजूला बोल्ट केलेल्या खास पट्ट्या लागतील. त्यांची जागा आणि आतला आधार खरेदीआधीच सर्व्हेअरकडून तपासून घ्या. नंतर लॉकरचं अस्तर फाडून ते काम करणं दुप्पट महाग पडतं.